तुळशीपाशी खड्डा आणि ओसरीवर घूस

प्रश्न: दादा, आम्ही परभणीचे. पोरानं पुण्याहून जॅक रसेलचं पिल्लू आणलं, आता दीड वर्षाचं झालंय, नाव बंटी. जीव लई लावतंय पण दिवसभर नुसतं उकरायलंय. तुळशीवृंदावनाच्या बुडाशी हातभर खड्डा केला, दोन कुंड्या पाडल्या आणि परवा पहाटे मेलेली घूस आणून ओसरीवर ठेवली, सासूबाईंनी दोनदा अंघोळ केली. एवढुसं कुत्रं, मांडीवर बसायचं सोडून हे काय धंदे? आमचे हे म्हणतात मोंढ्यात आडतीवर नेऊन बांधू, उंदीर तरी मारेल. न्यावं का?

उत्तर: ताई, सासूबाईंना आधी नमस्कार सांगा आणि बंटीला रागवू नका, त्याच्या हिशेबानं ती घूस म्हणजे त्याची हजेरी आहे.

जॅक रसेल हे टेरियर जातीतलं कुत्रं, आणि टेरियर हा शब्दच मुळात मातीवरून आलाय, लॅटिनमध्ये टेरा म्हणजे जमीन. बिळात घुसून आतलं जनावर बाहेर काढायचं, यासाठीच इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या लोकांनी ही कुत्री पिढ्यान् पिढ्या निवडून घडवली, मांडी नंतर आली. बंटीची जात तर एका पाद्रीबाबाच्या नावावर आहे, जॉन ऊर्फ जॅक रसेल, इंग्लंडमधल्या डेव्हनचे, 1795 ते 1883. कॉलेजात असताना ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून त्यांनी ट्रम्प नावाची पांढरी कुत्री विकत घेतली आणि तिथून पुढं ही ओळ सुरू झाली असं सांगतात. त्यांना कोल्ह्याच्या शिकारीचा भारी नाद. कोल्हा बिळात शिरला की हे छोटं कुत्रं आत सोडायचं, त्यानं कोल्ह्याला मारायचं नाही, फक्त भुंकून भुंकून बाहेर हाकलायचं. रंग पांढरा का, तर मातीनं माखलं तरी लालसर कोल्ह्यापासून वेगळं ओळखू यावं. आणि छाती एवढी बारीक की पुढच्या पायांच्या मागं दोन्ही हातांची पकड सहज बसावी, आजही जाणकार तशीच मोजून बघतात, तुम्ही घरी करून बघा.

ते रिबिनवालं यॉर्कशायर टेरियर असतं ना, ज्याला लोक बाहुलीसारखं नटवतात, त्याचंही खानदान गिरणीतलंच बरं का. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर कामासाठी यॉर्कशायरला आले, सोबत त्यांची कुत्री आणली आणि गिरण्यांत उंदीर तर ढीगभर. रिबीन पुढच्या लोकांनी बांधली.

आता भुंकण्याचं सांगतो. आमच्या ओळखीच्या एका आडत्याकडं असंच एक टेरियर होतं, सोयाबीनच्या थप्पीत निम्मं घुसलेलं, बाहेर फक्त शेपूट आणि ते एकाच जागी असं थरथर कापायलंय की बघत राहावं, आणि भुंकणं थांबेना. हमालांनी वैतागून सात पोती हलवली, बरोबर त्याच्या नाकासमोर घूस! बिळात अडकलेल्या कुत्र्याचा आवाज ऐकूनच वरून खणायची जागा ठरवायची, म्हणून यांचा आवाज देहाच्या मानानं मोठाच, त्याला इलाज नाही.

पण तुमच्या ह्यांना म्हणावं मोंढ्यात नेऊन बांधायचं मात्र नाही. एक तर बांधलेलं कुत्रं उंदीर काय कपाळ मारणार, आणि दुसरं म्हणजे तिथं गोदामागोदामात औषध टाकलेलं असतं. विष खाल्लेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तर त्यालाही विषबाधा होते, काही औषधांत तर दोन-चार दिवसांनी हिरड्यांतून रक्त येतं तेव्हा कुठं कळतं. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो तो वेगळाच, तो माणसांनाही होतो, तेव्हा त्याची लस दिलीय का हे जनावरांच्या डॉक्टरांना आजच विचारा. मेलेली घूस हातानं उचलू नका, बंटीला काहीतरी खायला दाखवा, तो ती सोडतो, मग फावड्यानं पुरून टाका.

उकरणं बंद होणार नाही, जागा बदलता येईल. परसात एका कोपऱ्यात दोन घमेली वाळू टाका, त्यात भाकरीचा तुकडा नाहीतर चेंडू पुरा, तिथं उकरलं की शाबासकी. पळवायला पहाटे आणि दिवस मावळल्यावरच न्या, मे महिन्यात परभणीची दुपार माणसाला झेपत नाही, त्याला कुठली झेपणार. वृंदावनाभोवती शहाबादी फरशी बसवा. पण फरशी बसवायच्या आधी तो खड्डा जरा नीट बघा ताई, ओसरीवरची घूस कुठून तरी आलीच असेल ना, तुळशीखाली तिचं बीळ असेल तर बंटी इतके दिवस तुम्हाला तेच सांगायलाय.