ग्रिलसाठी लाकूड कुठलं घ्यायचं?

अरे भावा, पहिल्यांदाच करतोयस तर सरळ बाभूळ घे, जड लाकूड, निखारे बराच वेळ टिकतात आणि गावाकडे कुठंही मिळतं. आंबा, चिंच, पेरू पण मस्त, मला तर चिकनला पेरूच आवडतो, धूर जरा गोडसर वाटतो. पण लाकूड वाळलेलं पाहिजे हां, तोडून फोडून निदान सहा महिने ठेवलेलं, दोन ओंडके एकमेकांवर आपटले की टणक आवाज आला पाहिजे, ओलं असेल तर नुसता पांढरा धूर होतो आणि मांस कडू लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जाळावर भाजणं. मी पण केलीय, वरून कोळसा आतून कच्चं, पाहुणे गप्प बसून चपात्या खात होते 😅 तासभर आधी पेटव, ज्वाळा बसू दे, निखाऱ्यावर राखाडी थर आला की मगच जाळी ठेव. जाळीच्या उंचीवर हात धर, दोन-तीन सेकंदात काढावा लागला तर आच कडक, तंगडीला थोडी कमीच बरी. निखारे एका बाजूला ओढ म्हणजे चरबी गळून भडका उडाला की पीस दुसरीकडे सरकवता येतात.

धुरासाठी शेवटी एखादी सुकी ढलपी टाक, बास, भिजवत बसू नको. आणि प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, खोक्यांच्या फळ्या अजिबात नको, कण्हेर तर चुकूनही नाही, विषारी असते ती, तिच्या काड्या शिगेला पण वापरू नको.