काळजात गाठ म्हणजे नक्की कुठे?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईंना दम लागायचा, एक्सरेत उजवीकडचा डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, वर सरकलेला दिसला, मग सोनोग्राफी, सीटी करून लिव्हरमध्ये मोठी गाठ निघाली. आत्याने गावी फोनवर सांगितलं 'काळजात गाठ आहे' आणि आता सगळे विचारतायत हार्टचं ऑपरेशन कधी. आत्या चुकली का?

ताई, आत्या चुकलेली नाही. काळीज म्हणजे मुळात लिव्हरच. संस्कृतात यकृताला कालेय, कालखंड असंही म्हणतात, अमरकोशात कालखंड आणि यकृत एकच दिलेत, त्या कालेयवरून आपलं काळीज आणि हिंदीतला कलेजा. पटत नसेल तर रविवारी मटणाच्या दुकानात कलेजी मागा, काय तोलून देतो बघा :) पुढे माया, भीती, धीर सगळं काळजातच राहायला आलं आणि मग ते धडधडायलाही लागलं. लिव्हर कुठलं धडधडतंय!

खरी गंमत 'दम'ची आहे. आपण म्हणतो दम लागतो, समोरचा ऐकतो दमा, की लगेच पंप कुठला घेता वगैरे सुरू. दम लागणं हे लक्षण आणि दमा हा आजार, एका कान्याचा फरक. लिव्हर डायफ्रॅमच्या अगदी खाली असतं, गाठ मोठी झाली की तो पडदा वर ढकलला जातो आणि फुप्फुसाला खाली पसरायला जागाच उरत नाही, म्हणून दम, आडवं पडलं की बऱ्याचदा जास्तच. त्यामुळे डॉक्टरांना नुसतं 'दम लागतो' सांगू नका, चालताना लागतो, जेवल्यावर की झोपल्यावर ते सांगा.

आणि गाठ म्हणजे कॅन्सरच असं नाही हां. हिमॅन्जिओमा हा रक्तवाहिन्यांचा गुंता, कधीकधी चांगला मोठा होतो पण कॅन्सर नसतो, सीटीत डाय (शिरेतून देतात ते औषध) कडेकडेने आत हळूहळू भरत जाताना दिसतो. रक्तस्रावाच्या भीतीने त्यात सहसा सुई घालत नाहीत, स्कॅनवरूनच ओळखतात. म्हणून पक्कं निदान होईपर्यंत 'गाठ' हाच शब्द बरा, ट्यूमर म्हटलं की लोक रडायलाच लागतात.

गावी परत फोन कराल तेव्हा सरळ 'लिव्हरला गाठ' म्हणा. यकृत नको, आमच्या काकांनी मागे विचारलेलं, 'म्हणजे किडनी ना?'