एक्स-रे क्लिअर आला म्हणून बॉलिंग चालू ठेवू नकोस

तुझी पोस्ट दोनदा वाचली. वय १९, उजव्या हाताने फास्ट बॉलिंग, कमरेत डावीकडे एकाच जागी दुखतंय, एक्स-रे क्लिअर, कोच म्हणतात स्टिफनेस आहे, आणि १२ दिवसांवर सिलेक्शनचा सामना. मी नेमका यातूनच गेलोय, म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. ७ वर्षं खेळलो, त्यातली जवळपास दोन या दुखण्यात गेली, त्या जोरावर बोलतोय.

बर्फ, स्ट्रेचिंग, झोप यात शिरत नाही, ते तुला माहीत असेलच.

उजव्या हाताच्या बॉलरला कमरेत डावीकडे दुखत असेल तर ते साधं समजू नये. बॉल सोडताना पुढचा पाय आदळतो, त्याच क्षणी कंबर वाकून वळलेली असते आणि मणक्याच्या खालच्या भागात विरुद्ध बाजूच्या हाडावर भार येतो. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार ताण येऊन हाडाला पडणारी बारीक चीर, बहुतेक तिथेच होतं. सुरुवातीला ते एक्स-रेत सहसा दिसत नाही. एमआरआयमध्ये चीर पडायच्या आधीची हाडातली सूजसुद्धा कळते. मी डाव्या पायावर उभा राहून मागे वाकलो की बोट ठेवून दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी कळ यायची. तुझं तसं होतंय का?

मी थांबलो नाही हे चुकलंच, पण त्याहून महागात पडलं ते लपवणं. फिजिओ रोज सकाळी वही घेऊन प्रत्येकाला विचारायचे. माझ्या नावापुढे सलग ९ दिवस 'ओके' आहे, कारण मीच तसं सांगत होतो. सामन्याच्या दिवशी पेनकिलर घेतली. दुसऱ्या स्पेलच्या तिसऱ्या ओव्हरला पुढचा पाय टेकला आणि कमरेत कट्कन झालं. तरी ओव्हर पुरी केली. त्या सामन्यात ४ विकेट मिळाल्या, निवडही झाली, पण त्या टीमकडून एकही बॉल टाकू शकलो नाही.

पुढे उपचारांच्या खर्चासाठी एका कार्यालयात खेटे घातले. नाव घेत नाही. एमआरआय दिला, डॉक्टरांचं पत्र दिलं. दर वेळी एकच उत्तर: खेळताना लागलं असेल तर त्या दिवसाची नोंद दाखवा. नोंद होती 'ओके'ची. पाचव्या खेपेला फाइल 'अपूर्ण' शेरा मारून परत आली. सीझन संपल्यावर कॉन्ट्रॅक्टही वाढलं नाही. मला आजही त्याचा राग आहे. दुखतंय म्हणालो तर जागा जाईल असं पोरांना वाटत असेल, तर त्या वहीचा उपयोग काय?

म्हणून आजच फिजिओला लेखी कळव: कधीपासून, कुठल्या बाजूला, कितव्या ओव्हरला वाढतं. साधा मेसेज चालेल, पण जपून ठेव. एमआरआय स्वतः मागून घे. आणि तोपर्यंत बॉलिंग बंद, नेट्समध्येही. कोचना राग येईल, येऊ दे. अर्थात प्रत्येकाचं शरीर वेगळं; एमआरआय स्वच्छ निघाला तर मला आनंदच होईल.

हा सामना हुकला तर सगळं संपलं, असं तू लिहिलंयस. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर पॅट कमिन्स २०११ मध्ये १८ व्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली टेस्ट खेळला, दुसऱ्या डावात ६ विकेट घेतल्या. पुढची टेस्ट खेळायला त्याला २०१७ चा मार्च उजाडला. मधली वर्षं दुखापतींनी खाल्ली, त्यात पाठही होती. त्याच्यामागे बोर्ड होतं, तुझ्यामागे नसेल, हे मान्य. पण वय तुझ्या बाजूने आहे.

अजून एक. क्लब, कॉलेज, अकॅडमी, तिन्हीकडे बॉलिंग करत असशील तर एकूण बॉल कोणीच मोजत नसतं. नेट्स धरून रोजचा आकडा तूच लिही. एखाद्या आठवड्यात तो एकदम वाढलाय का, हे डॉक्टर विचारतील.

रिपोर्ट आला की इथे सांग. कोचना काय लिहायचं ते सुचत नसेल तर मला मेसेज कर, आपण मिळून लिहू.