नदीकाठी मुलांना कुठे न्यायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आम्ही हडपसरला राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा, सोबत सासूबाई असतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. दर रविवारी मॉलमध्ये जाऊन कंटाळा आला, नदीकाठी कुठेतरी जायचंय, पण पुण्यातली नदी म्हटलं की आधी वासच आठवतो. अर्ध्या दिवसात होईल असं काही आहे का?

उत्तर: आहे ना ताई, आणि तुमच्या दारातच आहे. कवडीपाट. सोलापूर रोडनं लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळलं की मुळा-मुठेचा काठ. आता वास म्हणाल तर तो तिथेही आहे, खोटं कशाला सांगू, अख्ख्या शहराचं सांडपाणी घेऊन नदी तिथे पोचते, बंधाऱ्याखाली फेस दिसतो, झुडपांना प्लास्टिक लटकलेलं असतं आणि ते बघून खरंच जीव तुटतो. तरी सांगते, डिसेंबर-जानेवारीत एकदा सकाळी सातच्या आत पोचा. पाण्यावर धुकं असतं आणि त्यातून आधी नुसता आवाज येतो, मग हळूहळू केशरी रंगाच्या चक्रवाक बदकांची जोडी दिसायला लागते, ती लडाख-तिबेटकडून आलेली असते. शेकाट्या पक्ष्याचे गुलाबी काड्यांसारखे लांब पाय तर पाच वर्षांचं पोरही लगेच ओळखतं.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे हळदीकुंकू बदक. मुलीला दुर्बीण द्या आणि फक्त चोच बघायला सांगा, टोकाला पिवळी आणि कपाळाला टेकते तिथे दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव, आणि एकदा ते दिसलं की पोरगी घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटते. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. पहिल्याच दिवशी वीस पक्षी पाठ करून घेऊ नका प्लीज, तीन बास झाले.

सासूबाईंसाठी फोल्डिंगची खुर्ची गाडीत टाका, काठाला सपाट जागा बघून ऊन पाठीवर येईल अशी मांडा, त्यांना चालायला लागत नाही आणि दिसतं सगळं. पाण्याला मात्र कुणी हात लावायचा नाही, हात धुवायला घरून कॅन न्या. खायला दशम्या-चटणी डब्यात, म्हणजे वेफर्सची रिकामी पाकिटं मागे राहायचा प्रश्नच नाही.

कधी पूर्ण दिवस मिळाला तर वाईला जा. कृष्णेच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मधलं, पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेलं, दर्शन झालं की मुलांना मागच्या बाजूला न्या. ती भिंत माशासारखी निमुळती केलीय, का, तर पुराचं पाणी येऊन आदळायच्या ऐवजी दोन्हीकडून फाटून जावं म्हणून. नऊ वर्षांच्या मुलीला हे बरोब्बर समजतं. तिथून जवळच मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, देवळातली ती मोठी घंटा १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यानंतर इकडे आणलेली. घाटाला पायऱ्या बऱ्याच आहेत, सासूबाईंना खाली उतरवू नका, वरतीच देवळापाशी सावलीत बसू दे.

प्रश्न: आम्ही पिंपरीचे. मुलं १२ आणि १५ ची, त्यांना नुसतं काठावर बसायचं नसतं, पाण्यात उतरायचंच असतं. गुडघाभर पाणी असेल तर काय हरकत आहे?

उत्तर: हरकत आहे. तुम्हाला गुडघाभर दिसतं ते तुम्ही उभे आहात तिथलं, पुढच्या पावलाखाली काय आहे ते दिसत नाही. आपल्याकडच्या नद्या काळ्या कातळावरून वाहतात आणि त्या कातळात रांजणखळगे असतात, इंद्रायणीवर तळेगावजवळ कुंडमळ्याला आहेत, कुकडीवर पारनेर तालुक्यातल्या निघोजला तर विचारूच नका. एखादा गोटा छोट्याशा खड्ड्यात अडकतो, पाण्याच्या भोवऱ्याबरोबर गरागरा फिरत राहतो आणि हजारो वर्षं तो कातळ आतून कोरत जातो, म्हणून तोंड लहान, पोट मोठं, अगदी आपल्या पाण्याच्या रांजणासारखं. आत घसरलेल्या माणसाला धरायला काही नसतं, कडा गुळगुळीत झालेल्या असतात. कुंडमळ्याचं तर तुम्हाला माहीतच असेल, १५ जून २०२५ ला तिथला जुना लोखंडी पूल पडला आणि चार जण गेले. रविवारच होता तो, आपल्यासारखेच फिरायला आलेले लोक होते.

दुसरं म्हणजे वरचं धरण. आभाळ स्वच्छ असलं तरी वरून पाणी सोडलेलं असू शकतं. मेणवलीलाच आम्ही जेवत होतो आणि पुतणीने खालच्या पायरीवर चपला काढून ठेवल्या होत्या, ती एकदम ओरडली, काकू माझी चप्पल पोहतेय! पाणी वर येताना कुणालाच दिसलं नाही, आवाज नाही, काही नाही. तेव्हापासून बसल्या बसल्या पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायचा आणि तो भिजला की सामान उचलायचं, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहितीय.

तुमच्या मुलांना निघोजला न्या, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी उतरल्यावर. कोरड्या कातळावर बसून वरूनच ते खळगे बघायचे, कडेपासून लांब, आणि पायात कातळावर न घसरणारे बूट. पावसाळ्यात अजिबात नको. पोहायचं असेल तर जलतरण तलावात शिकवणाऱ्या सरांसोबत, आणि हे त्यांना दरडावून नको, खळगा दाखवून सांगा, त्या वयाच्या मुलांना कारण कळलं की ऐकतात.

प्रश्न: नाशिकला बदली झालीय. गोदाघाट झाला, आता मुलांना घेऊन अजून कुठे?

उत्तर: नांदूरमध्यमेश्वर, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला बंधारा, त्याच्या गाळावर पाणथळ तयार झाली आणि जानेवारी २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, चापडगावच्या बाजूने आत गेलात की निरीक्षण मनोरे आहेत, तिथपर्यंत मुलांना चालतच न्या. गडद लाल-पिवळे टीशर्ट घालू नका आणि ब्लूटूथ स्पीकर घरीच राहू दे.