चर्चवाले बाहेरच्या दुःखी माणसाला खरंच जवळ करतात का, की सगळं धर्मांतरासाठीच असतं?

करतात. पण "सगळं धर्मांतरासाठीच" म्हणणाऱ्यांना मला आधी एक विचारायचंय, तुमच्या घरावर वेळ आली तेव्हा भाऊबंद किती आले होते?

माझ्या मोठ्या बहिणीचं सांगते. आम्ही धुळ्याचे, तिचं सासर नंदुरबारकडे. भावजी दारूपायी गेले, लिव्हर संपलं होतं, आणि सासरच्यांनी तेरावं उरकल्या उरकल्या तिला पोरीसकट माहेरी धाडलं. दारावर बसायला आलेल्या बायका चहा पिऊन "हिनेच नवऱ्याला धाकात ठेवलं नाही" बोलून गेल्या, तेही ती आतल्या खोलीत ऐकत असताना. आमच्या गल्लीत एक नर्स मावशी राहायच्या, ख्रिश्चन, मूळच्या नवापूरकडच्या, पण अहिराणी आमच्यापेक्षा चांगली बोलायच्या. नळाच्या पाण्यावरून झालेली भांडणं सोडली तर तोवर आमचं काही बोलणंसुद्धा नव्हतं. त्या नाइट ड्युटी करून तशाच आल्या, डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा. ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली. मावशी तिच्या उशाशी बसल्या, भाकर मोडली आणि म्हणाल्या, "बाई, पहिले भाकर खाई ले, मंग रड." येशूचं नाव नाही, प्रार्थना नाही, काही नाही. पुढे त्यांच्याच ओळखीने ताईला एका दवाखान्यात आयाचं काम लागलं.

नंतर ताई आपणहून त्यांच्यासोबत रविवारी भक्तीला जायला लागली. सुरुवातीला सगळे "सलाम ताई, सलाम ताई", पोरीला संडे स्कूलमध्ये बसवलं, रेशन कमी पडलं तर बायकांनी भरून दिलं. मग एका रविवारी पाळकांनी, म्हणजे चर्चच्या पाद्रींनी, तिला न विचारता माईकवरून जाहीर केलं की आज ताई साक्ष देतील. म्हणजे नवऱ्याने कसं मारलं, कसं हाल केलं ते सगळ्या मंडळीसमोर सांगायचं. ती उभी राहिली, पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. मावशींनी बाहेर चपला घालता घालता पाळकांना असं झापलं की लोक वळून बघायला लागले. त्यानंतर "बाप्तिस्मा कधी?" दर आठवड्याला, म्हणजे ख्रिस्ती व्हायचा विधी. ताईने घेतला नाही तशी काहींचे सलाम बंद झाले. मावशींचं येणंजाणं चालूच राहिलं.

आता कसली ही घाई मला कळत नाही. आपल्या धरणगावचे बालकवी नगरला ख्रिस्ती झालेल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी राहिले, टिळकांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्यासाठी त्यांना ख्रिस्ती नाही व्हावं लागलं. टिळकांनी तर १९१७ साली 'देवाचा दरबार' नावाची येशूला मानणाऱ्यांची मंडळी काढली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. शंभर वर्षांपूर्वी जमत होतं ना?

आणि आमचे एक काका आहेत, फॅमिली ग्रुपवर "पोळीसाठी धर्म विकतात" टाकत असतात. अहो, राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे दलित माणूस ख्रिस्ती झाला की एससीचा हक्क जातो, मग फायदा बघणारा माणूस तिकडे कशाला जाईल? (आदिवासींचा एसटी दाखला धर्मावर नसतो, म्हणून नवापूरकडच्या आदिवासी ख्रिश्चनांचं वेगळं, हे मान्य.) नवापूरकडच्या चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात जाऊन बघा बाकावर कोण कोण बसलंय, मग टाका मेसेज.

तुम्हाला जायचंच असेल तर रविवारी मोठ्या चर्चमध्ये नका जाऊ, तिथे लग्नाला आल्यासारखे सगळे आपापल्या लोकांत असतात. बायकांची घरोघरी प्रार्थना असते तिथे जा. पहिल्याच दिवशी सांगून टाका की मी बाप्तिस्मा घेणार नाही, मग तुमच्याकडे कोण येतं बघा. पैसे घेऊ नका, डबा घ्या. आणि चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करायच्या, सभेत कोणी बीपी-शुगरची गोळी बंद करायला सांगितली तर लगेच उठा.

सगळेच पाळक तसे नसतात, हे पण लिहायला हवं, आमच्या वाट्याला आले ते मी सांगितले. कॅथलिकांचं मला माहीत नाही, तिथे आम्ही कधी गेलोच नाही.

काकांना मी दिवाळीत तोंडावर विचारलं होतं, ताईच्या पोरीची दहावीपर्यंतची पुस्तकं कोणी आणली? म्हणाले, "तो विषय वेगळा आहे."