महिन्याला एक निळा पंप : फार्मासिस्टने विचारावे का?

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ४६) दमा आहे. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा पंप त्यांनी ‘सवय लागेल’ म्हणून बंद केला असून महिन्याला एक निळा पंप कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणून ते भागवतात. परवा तिथल्या फार्मासिस्टने याबद्दल हटकले, तेव्हा ते चिडले. औषध देणाऱ्याने अशी चौकशी करणे योग्य आहे का?
— एक वाचक, परळ

उत्तर : योग्यच आहे, किंबहुना हा प्रश्न याआधीच विचारला जायला हवा होता. साल्ब्युटामॉल या तात्पुरता आराम देणाऱ्या औषधाच्या निळ्या पंपात साधारणतः २०० फवारे असतात, म्हणजे यजमान दिवसाला सरासरी सहा-सात फवारे घेत आहेत. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या दम्यावरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्षाला तीन किंवा अधिक असे पंप लागत असतील तर तीव्र झटक्याचा, आणि बारा किंवा अधिक लागत असतील तर मृत्यूचा धोका वाढलेला असतो. डॉक्टरांसमोर ‘बरे आहे’ म्हटले की विषय संपतो. पंप किती खपले हे मात्र ते देणाऱ्यालाच दिसते, आणि तेही एकाच दुकानातून घेतले तर.

निळा पंप आकसलेल्या श्वासनलिका काही तासांपुरत्या मोकळ्या करतो. आतली सूज तशीच राहते. ती कमी करणारे स्टिरॉइड पंपातून मायक्रोग्रॅमच्या मात्रेत थेट श्वासमार्गात जाते आणि त्याचे व्यसन लागत नाही. तोंडात बुरशी होऊ नये म्हणून घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, एवढे पथ्य मात्र पाळावे.

रुग्णाला औषधाबाबत समुपदेशन करणे हे २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार फार्मासिस्टचे कर्तव्यच आहे. (संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर उभा असलेला प्रत्येक जण फार्मासिस्ट असतोच असे नाही, नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण, हे खुशाल विचारावे.) यजमानांनी त्याच्यासमोर एकदा पंप घेऊन दाखवावा, कारण अनेकांचे औषध फुफ्फुसांऐवजी घशातच अडकते. फवाऱ्याचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, दाबता दाबता सावकाश व खोल श्वास घ्यायचा आणि सुमारे दहा सेकंद रोखायचा असतो. भुकटीच्या कॅप्सूलच्या यंत्रातून मात्र जोराने ओढायचे असते. फवारा आणि श्वास यांचा मेळ जमत नसेल, तर फार्मासिस्ट स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरायला शिकवू शकतो. अंगदुखीसाठी परस्पर आयब्युप्रोफेन मागितल्यास दम्याची आठवण करून देणेही त्याच्याकडून अपेक्षित आहे, कारण काही दमेकऱ्यांना अशा गोळ्यांनी झटका येतो.

औषध बदलणे किंवा मात्रा ठरवणे हे मात्र डॉक्टरांचे काम आहे. म्हणून वर्षभराची बिले घेऊन यजमानांनी याच आठवड्यात त्यांना भेटावे. धाप लागून एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळसर पडले किंवा निळ्या पंपानेही आराम पडेना, तर मेडिकलकडे न जाता १०८वर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.