बाबांची टाकी जपून ठेव, दुसरी रंगव

ताई, बाबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची १९८८ची बुलेट ३५० आमच्या पुण्यातल्या धायरीच्या पार्किंगमध्ये झाकून उभी आहे. चार वर्षं सुरूच झालेली नाही. मला ती कॅफे रेसर (बसकं हँडल, एकेरी सीट अशी जुन्या रेसिंग गाडीसारखी) करून रोज चालवायची आहे. गॅरेजवाले म्हणतात, मागची चासी कापू, टाकीचा पोचा काढू, सगळी मॅट काळी करू. दादा चिडलाय, ‘बाबांची गाडी मोडतेस’ म्हणतो. आई गप्प आहे. किक मारायला बाबांनी फक्त दादाला शिकवलं होतं. माझं चुकतंय का? – एक वाचक

गाडी चालवावीशी वाटण्यात तुझं काहीच चुकत नाही. नुसती झाकून ठेवलेली बुलेट आतून गंजत जाते. चुकतोय तो कापाकापीचा बेत, आणि दादाला दुखतंय तेही बहुधा तेच.

चासी कापायला स्पष्ट नाही म्हण. मागच्या त्या नळ्यांवर शॉकअपची वरची टोकं, सीट आणि मडगार्ड असं सगळं पेललेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी ओढली जाते, दोन्ही शॉकअप एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी सरळ धावत नाही. ते पुन्हा पहिल्यासारखं होणं फार कठीण. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. मूळ बनावटीशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. उद्या अपघात झालाच, तर विम्याचा दावा यावरून अडू शकतो.

आधी कागद. गाडी बाबांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ भरून तुझ्या नावावर करावी लागेल. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारस म्हणून आईची आणि दादाची संमती लागते. म्हणजे दादाची सही तुला हवीच आहे, तेव्हा तो विषय टाळू नकोस. या अर्जाची मुदत तीन महिन्यांची असते. ती उलटून गेली आहे, म्हणून दंड धरून चाल. आरसीची (नोंदणी पुस्तकाची) मुदतही बघ. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, फॉर्म २५ वर. त्यासाठी पर्यावरण कर भरून गाडी तपासणीला न्यावी लागते. ती तपासणी मूळ रूपातच उरकून घे. रंग बदलणार असशील तर त्याचीही आरसीवर नोंद लागते. आणि चासीला पावडर कोटिंग करायचंच झालं, तर नंबर ठोकलेली जागा आणि अर्थिंगचे (विजेच्या वायरी चासीला जोडणारे) बोल्ट झाकून घ्यायला सांग. तो थर जाड असतो. नंबरचे खाचे बुजले की तपासणीसाठी त्याचा ठसा उठत नाही, आणि अर्थिंग तुटलं की दिवे मिणमिणतात.

आता इंजिन. चार वर्षांनी थेट किक मारू नकोस. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोड, रात्रभर राहू दे, मग प्लग न लावताच किक हाताने हळू दाब. उभ्या बुलेटचं ऑइल त्याच्या टाकीतून खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तळाच्या पेटीत) उतरतं. तसंच सुरू केलं तर सायलेन्सरमधून धुराचा लोट येतो आणि ब्रीदरमधून (इंजिनची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर फेकलं जातं. म्हणून खालचे ड्रेन बोल्ट उघडून सगळं काढ, फिल्टर बदल, नवं २०डब्ल्यू-५० दर्जाचं ऑइल भर. जुनं पेट्रोल फेकून दे, कार्ब्युरेटरचे जेट साफ करून घे, पेट्रोलचा पाइप नवाच घाल. पॉइंटचा (प्लगची ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेव. टॅपेट (व्हॉल्व्हची सेटिंग) थंड इंजिनवर बघायचे: पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटाने सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ नको. टायरवरच्या अंगाला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुने निघाले तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, ते टायर बदल.

पैसे खर्च करायचे तर सगळ्यात आधी पुढच्या ब्रेकवर कर. जुन्या स्टँडर्ड बुलेटचा सहा इंची ड्रम ब्रेक आजच्या सिंहगड रोडच्या गर्दीला अपुरा आहे. नंतरच्या बुलेटचा सात इंची, ट्विन लीडिंग शूचा (दोन्ही ब्रेक शू जोराने पकडणारा) ड्रम मिळतो. त्याने गाडी दिसायला फारशी बदलत नाही, पण चालवणारीला फरक लगेच कळतो.

कॅफे रेसरचा डौल मात्र न कापताही येतो. बसकं हँडल, बोल्टवर बसणारं एकेरी सीट, आखूड मडगार्ड. हँडल खाली आलं की क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल लांब पडून वळताना अडकतात. त्या आखूड करून घे, आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून इंजिनचा आवाज चढत नाही ना, ते बघ.

टाकीचा पोचा काढू नकोस. त्या टाकीवरच्या सोनेरी रेघा ब्रशने हाताने ओढलेल्या असतील. पॉलिश पेपर फिरला की त्या गेल्याच. नाना पेठेत किंवा रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात दुसरी टाकी शोध. आत टॉर्च मारून गंज बघ, पाणी भरून कुठे झिरपते का बघ, आणि तिला हवी तशी काळी कर. बाबांची टाकी रिकामी करून, आत थोडं ऑइल फिरवून, कापडात गुंडाळून ठेव. सीट, हँडल, मडगार्डही तसेच, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून त्याच्या नटबोल्टसकट एका पेटीत. ही पेटी आधी दादाला आणि आईला दाखव, मग पाना हातात घे. सगळं एका रविवारात परत जोडता येतं, हे दिसलं की दादाशी बोलणं पुष्कळ सोपं होईल. आईला मात्र वेगळं विचार, एकटीला. गप्प आहे याचा अर्थ विरोधच आहे असं नाही.

आणि किक. चावी लावून किक हळू दाबत जायची, अॅमीटरचा (बॅटरीचा करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर आला की थांबायचं. मग डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून किक अगदी थोडी पुढे ढकलायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण ताकदीने, शेवटपर्यंत. अर्ध्यात सोडली तर उलटून पोटरीवर बसते. वाचून हे येणार नाही. बाबांनी दादाला शिकवलंय, तर ते त्याच्याकडूनच शिकून घे.